सुट्टी पाळणारं उदमांजर

२१ नोव्हेंबर

माझी लेक विनी सकाळच्या बसने बागियो शहरात परत गेली. जाताना तिच्या इनाला, म्हणजे आईला, फर्मान काढून गेली. "इना, ईस्टरला मी येतेय. तेव्हा तुझी बॅग भरलेली हवी."

कारण काय, तर जूनमध्ये मी भाताच्या बांधावरून घसरले आणि दुपारभर चिखलात बसून राहिले. पाय मुरगळला होता, एवढंच. ही बातमी तिला कुणी पुरवली ते मी शोधून काढणार आहे आणि मग त्या माणसाची काही खैर नाही. "पुन्हा पडलीस तर कुणाला कळणार?" तिचं आपलं तेच. मी म्हटलं, कुत्र्याला कळेल. तिने कुत्र्याकडे बघितलं. कुत्रं नेमकं त्याच वेळी स्वतःच्या शेपटीमागे गोल गोल धावत होतं.

विनीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की समोरच्यांची खिडकी. सगळी हयात मी मिशनच्या शाळेत पोरांना जेवू घातलं, अर्ध्या गावाने माझ्या हातचा भात आणि माझ्या हातची चापट खाल्लीय. मी त्या खिडकीत बसून काय करू? समोरच्यांच्या चड्ड्या मोजू? शेवटी तिने एक सवलत दिली. मला इथे करण्यासारखं धड काम आहे आणि मी इथे एकटी पडलेली नाही, हे दाखवलं तर बघू म्हणाली. तिचं 'बघू' मला ठाऊक आहे. लहानपणी मीच तिला तसं म्हणायची.

२४ नोव्हेंबर

काम सापडलं! बसच्या कंडक्टरने सांगितलं की बागियोत मोतितची कॉफी विकतात, आणि लोक ती लाडू खावा तशी डोळे मिटून पितात. मोतित म्हणजे आमचं उदमांजर. पिकलेली कॉफीची फळं खातं, गर पचवतं आणि बिया जशाच्या तशा मागे टाकतं. त्या गोळा करायच्या, दहा पाण्यांनी धुवायच्या, उन्हात वाळवायच्या, कांडायच्या आणि भाजायच्या. माझी सासू हे सगळं करायची, पण विकत घ्यायची ऐपत नव्हती म्हणून! आता तीच गोष्ट श्रीमंतांची झाली.

माझ्या नवऱ्याने, आल्फोन्सोने, लावलेली कॉफीची झाडं माझ्या स्वयंपाकघरामागेच आहेत, यंदा लालेलाल झालीत. झाडांच्या मागे एक चपटा दगड आहे. मोतितला अशा उघड्या दगडावरच बसायला आवडतं. आणखी काय हवं?

संध्याकाळी मानोंग दालमासियो आले. आमच्यात थोरल्या पुरुषाला मानोंग म्हणतात, थोरल्या बाईला मानांग. आल्फोन्सो गेल्यापासून ते रोज संध्याकाळी कॉफी प्यायला येतात, आणि रोज "इकडून चाललो होतो" म्हणतात. त्यांच्या घरून माझ्या घरावरून कुठेच जाता येत नाही, पण जन्मभर जीपनी, आमची ती लांबट प्रवासी जीप, चालवलेल्या माणसाला आडवाटेची सवय असायचीच. त्यांना बेत सांगितला तर इतके हसले की कॉफी नाकातून आली.

"पेर्पे, अगं मी आणि आल्फोन्सो तरुणपणी मोतित पकडून जिनच्या घोटाबरोबर खायचो. आणि तू आता त्याची शी विकणार?"

"तुम्ही खाल्लीत म्हणूनच आता महाग झालीत," मी म्हटलं. ते नाक पुसत बसले.

३० नोव्हेंबर

दगडावर काही नाही. झाडाखाली काही नाही. कुंपणापाशी काही नाही. कुत्रं रात्रभर पान हललं तरी भुंकतं, मग मोतित कशाला इकडे फिरकतंय? त्याला बांधून ठेवलं तर बांधल्याबद्दल रडतं. आज दगडाजवळ गुडघ्यावर बसून वास घेत होते, तेवढ्यात चर्चच्या बायका रस्त्यावरून गेल्या. मी प्रार्थना करतेय असं दाखवलं.

संध्याकाळी मानोंग दालमासियोंनी विचारलं, "सापडलं का काही?" आणि मला, देवाशप्पथ, रडू फुटलं. म्हटलं, काही सापडत नाही, आता बागियो आणि ती खिडकी. ते उठले. कप अर्धा तसाच ठेवून टोपी घालून निघून गेले. दुसऱ्याच्या दुःखाचं पुरुषांना काही म्हणजे काही नसतं.

३ डिसेंबर

आलं! आलं! दगडाच्या बरोबर मध्यावर! शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी लांबट वडी, सगळ्या कॉफीच्या बिया. आणि खाली चक्क अळूचं पान. वाऱ्याने आधी पान आणून टाकलं असणार आणि मोतित त्यावर बसलं. किती स्वच्छ जनावर!

मी एकटीच अंगणात नाचले. कमरेने लगेच आठवण करून दिली.

११ डिसेंबर

रोज येतंय. रोज पानावर. पहिल्या दिवशी वारा वाटला, आता माझी खात्री झालीय की ते पान स्वतःच ओढून आणतं. मांजर नाही का माती उकरत? मग हे त्याच्यापेक्षा एक पाऊल पुढे. चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं. रुफिना म्हणाली, "असं कुठे असतं का?" मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्यापेक्षा शिस्तीचं आहे." रुफिनाने उरलेली पूर्ण प्रार्थना माझ्याकडे पाठ करून केली.

मानोंग दालमासियोंना सांगितलं तेव्हा ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पानावर? वा. पान बरं असतं ना? म्हणजे, माती लागत नाही?"

"छान असतं," मी म्हटलं.

"मग ठीक," ते म्हणाले. त्यांना काय ठीक वाटलं कोण जाणे. त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता. एकट्या पुरुषाचं हे असंच. धुवायला कुणी नाही.

२० डिसेंबर

कुत्र्याचीही आता मोतितशी दोस्ती झाली. पहाटे एकदाही भुंकत नाही. आज अंधारात मला त्याची शेपटी भिंतीवर आपटताना ऐकू आली, धप धप धप, आणि नंतर तोंडाला धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा, एतागचा वास. माझ्याकडे तर ऑगस्टपासून एताग नाही. कुठल्यातरी घरात चोरी करत असणार. कुणी तक्रार घेऊन आलं तर मी हे कुत्रं माझं नाहीच म्हणणार आहे.

९ जानेवारी

सलग कितीतरी दिवस दगड कोरडा. कडाक्याची थंडी आहे, बहुतेक मोतितला सोसत नाही. बागियोच्या त्या कॉफीवाल्याला, अनिसेतो नाव त्याचं, मी कंडक्टरबरोबर नमुना पाठवून बसलेय, आणि आता इथे ठणठणाट.

त्यात मानोंग दालमासियोही आजारी. खोकला, ताप. आल्याचं पाणी आणि कोंबडीचा रस्सा घेऊन गेले. गोधडीतून फक्त नाक दिसत होतं. त्यांना बरं वाटावं म्हणून माझं दुःख सांगितलं. म्हटलं, मोतित येत नाही, असंच चाललं तर विनी मला घेऊन जाईल.

ते लगेच उठून बसले. "किती दिवस झाले?"

"झोपा. तुम्हाला ताप आहे."

"उतरला," ते म्हणाले आणि खोकत खोकत बूट शोधायला लागले. मी दटावून झोपवलं. शाळेत असल्या पोरांना मी एका नजरेत झोपवायची, तीच नजर वापरली. काय माणूस आहे! स्वतःला उभं राहवत नाही आणि चालले कुठेतरी भटकायला.

१२ जानेवारी

मोतित परत आलं! वडी थोडी वेडीवाकडी होती, पण आलं. बिचारं तेही आजारी असणार.

२ फेब्रुवारी

अनिसेतोचा फोन. नमुना आवडला! पण म्हणाला, "मानांग, आधी तिथे येऊन बघेन. हल्ली लोक उदमांजरं पिंजऱ्यात कोंबतात आणि दिवसरात्र कॉफीच चारतात. तसला माल मी घेत नाही. तुमचं रानातलं आहे ना?"

मी म्हटलं, "रानातलं आहे आणि तुमच्यापेक्षा जास्त चांगल्या वळणाचं आहे."

येतो म्हणाला. विनीला कळवलं. ती म्हणाली, "बरं, त्याने घेतली तर एक गोष्ट सुटली. पण दुसरीचं काय? पडलीस तर कुणाला कळणार?" ही मुलगी माझ्यावरच गेलीय, त्याला इलाज नाही.

२ मार्च

घात झाला. उद्या अनिसेतो येणार आणि आज संध्याकाळी म्हाताऱ्या मंडळींनी ओबाया पुकारला! दोन दिवस सगळं बंद. कुणी गावात यायचं नाही, कुणी गावातून जायचं नाही, शेताला आणि रानाला हात लावायचा नाही. रस्त्यावर बोरूच्या काडीला गाठ मारून ती रोवली की पाहुण्याने तिथेच थांबायचं.

मी थेट गेले त्यांच्या दगडी बैठकीवर. बायकांनी तिथे यायचं नसतं म्हणून कडेला उभी राहून ओरडले, "एक दिवस पुढे ढकला की!" त्यांच्यातले सगळ्यात म्हातारे, लाकाय पुलात, म्हणाले, "पेर्पेतुआ, पक्ष्याने कौल दिलाय. पक्ष्याला सांग." शाळेत असताना दुसऱ्यांदा भात मागितला की मी ह्याच्या नातवाला कधी नाही म्हटलं नाही. लक्षात ठेवीन.

मानोंग दालमासियो बैठकीत अगदी हिरमुसले बसले होते. त्यांचं काय अडलं होतं?

३ मार्च

दगड रिकामा! नेमका आज. आधी झाडाखाली आणि कुंपणापाशी शोधलं, मग डोक्यात प्रकाश पडला. अरे, ओबाया आहे! मोतितसुद्धा पाळतंय! रानातलं असलं तरी आपल्याच डोंगरातलं आहे, त्यालाही पूर्वजांचा धाक असणारच. मला इतका अभिमान वाटला की रुफिनाच्या घरी जाऊन सांगून आले.

दुपारी अनिसेतो आला. गाठ मारलेल्या बोरूपाशी जीप थांबवून उभा. मी अलीकडे, तो पलीकडे. कोवळा पोरगा आहे, डोक्याला पोनीटेल, पण रीत कळते. एक पाऊल पुढे टाकलं नाही. मी बोरूवरून हात लांब करून त्याला थर्मासमधली कॉफी दिली. प्यायला, डोळे मिटले.

"मानांग, ही अप्रतिम आहे. आजची ताजी शी दाखवता येईल? इथूनच बघतो."

"आज नाही. मोतित ओबाया पाळतं."

त्याने डोळे उघडले. "काय करतं?"

"ओबाया पाळतं. आज आलंच नाही. उद्याही येणार नाही, बघा तुम्ही."

तो हसला नाही, हीच भीतीची गोष्ट. कप हळूच परत दिला आणि म्हणाला, "मानांग, राग मानू नका. ओबाया माणसं पाळतात. रानातलं जनावर नाही पाळत. आज कुणीतरी घराबाहेर पडू शकलेलं नाही, म्हणून तुमचा दगड रिकामा आहे. कुणीतरी उदमांजर कोंडून ठेवलंय आणि रोज आणून टाकतंय."

मी त्याला नाही नाही ते बोलले. तो ऐकून घेत राहिला. शेजारच्या गावात त्याची मावशी आहे, ओबाया उठेपर्यंत तिथे थांबतो म्हणाला. परवा पहाटे येईल. पिंजरा निघाला तर सौदा रद्द.

मी तोंड वर करून घरी आले. पण ते अळूचं पान डोळ्यांसमोरून जात नाही.

४ मार्च

दगड आजही रिकामा.

आख्खी सकाळ विचार केला. गावात मोतित पकडता येणारा माणूस एकच उरलाय, आणि तो रोज माझ्या ओट्यावर बसून माझी कॉफी पितो. आल्फोन्सोबरोबर सापळे कोण लावायचं? जिनबरोबर कोण खायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला मूर्ख बनवायला त्यांनी कुठल्यातरी मुक्या जिवाला कोंडलं, आणि वर विचारतात, पान बरं असतं ना!

तशीच गेले. ओबायात गावातल्या गावात फिरायला बंदी नाही. मानोंग दालमासियो दारात बसून बुटांचा वाळलेला चिखल काडीने खरवडत होते. परसात जाळीचा नवाकोरा पिंजरा! मी धावत जाऊन कापड ओढलं. आत दोन कोंबड्या. एकीने मला टोचलं.

"कोंबड्यांना थंडी लागते," ते मागून म्हणाले. "काय शोधतेयस?"

"मोतित!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "इथे कशाला असेल?" म्हणाले. "मी शपथ घेतलीय पेर्पे, आल्फोन्सो गेला तेव्हापासून मी एकही सापळा लावला नाही. खोटं वाटतं तर घर बघ."

बघितलं. पलंगाखाली, फडताळात, पोत्यांमागे. पिंजरा नाही, वास नाही. चुलीपाशी अळूची पानं सारख्या आकारात कापून ओल्या फडक्यात ठेवलेली. म्हटलं, आज भाजी का? तर म्हणाले, हो, भाजी. छपराखाली एताग टांगलेलं, त्याचा बराच भाग कापून गेलेला. एकटा माणूस आणि एवढं खातो!

माफी मागायला हवी होती. मागितली नाही. घरी येऊन हे लिहितेय आणि लिहिता लिहिता हात थांबतोय. अळूची पानं. एताग.

नाही. भलतंच काहीतरी.

५ मार्च

जसं घडलं तसं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

अनिसेतो पहाटेच आला. स्वयंपाकघराची खिडकी किलकिली करून आम्ही दोघं ओणवे होऊन बसलो. माझी कंबर, त्याची पोनीटेल माझ्या नाकात. उजाडायला लागलं. कुत्रं उठलं, भुंकलं नाही, शेपटी हलवायला लागलं.

कुंपणाच्या फटीतून मानोंग दालमासियो आले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात काठी, छाती भात्यासारखी वरखाली. आधी कुत्र्याला खिशातून मांसाचा तुकडा दिला. मग दगडावर पान ठेवलं. पिशवीतून ती वडी काढली, पानाच्या मध्यावर ठेवली, तिरकी वाटली म्हणून एका बोटाने सरळ केली. आणि मग मान वर करून माझ्या चुलीच्या धुराड्याकडे बघत उभे राहिले. धूर निघेपर्यंत ते तसेच उभे राहतात हे मला आज कळलं, कारण मी आज चूल पेटवायची विसरले होते आणि ते हलेचनात. टोपी हातात घेऊन, थंडीत, उभे.

अनिसेतो उठायला लागला. मी त्याची पोनीटेल धरून खाली बसवला आणि पालथ्या हाताने चुलीत काडी टाकली. धूर निघाला. मानोंग दालमासियोंनी टोपी घातली आणि गेले.

"मानांग," अनिसेतो कुजबुजला, "मला पिंजरा बघायलाच हवा."

"जा त्यांच्या मागे. पण मी बघितलं हे सांगितलंस तर याद राख."

तो सूर्य चांगला वर आल्यावर परतला. लालबुंद, केसात काटे. ओट्यावर आडवाच झाला. पिंजरा नाही म्हणाला. वरच्या कड्यावर, पाईनच्या रानापलीकडे, जुन्या सोडून दिलेल्या कॉफीच्या बागा आहेत. तिथे खडकांवर रानातली मोतितं बसतात. मानोंग दालमासियो रोज अंधारात तो कडा चढतात. "मला दोनदा थांबावं लागलं, त्यांना एकदाही नाही. एवढा शुद्ध रानातला माल मी आयुष्यात बघितला नाही. सगळा घेतो. पण त्यांनी मला शपथ घातलीय की तुम्हाला सांगायचं नाही. आणि तुम्ही घातलीय की त्यांना सांगायचं नाही. मी बागियोला जाऊ का आता?"

त्याला भात वाढला. मग मी परसात जाऊन मनसोक्त रडले. आधी लाजेने, कारण पानावर बसणाऱ्या जनावराची गोष्ट मी सगळ्या चर्चला सांगितलीय. मग त्या जानेवारीच्या तापाची आठवण येऊन. मग नुसतीच. माझ्यासाठी कुणी डोंगर चढावा, हे वय गेलं असं मी धरून चालले होते. खूप बरं वाटतंय. लिहून टाकते, खूप बरं वाटतंय.

संध्याकाळी ते आले. "इकडून चाललो होतो."

"बसा," मी म्हटलं. कोंबड्यांची चौकशी केली. कप भरून दिला.

७ मार्च

काल झोपण्यापूर्वी दगडावर थर्मास आणि एक कप ठेवला. चिठ्ठी वगैरे नाही. मोतितला वाचता येत नाही.

सकाळी पान होतं, पानावर वडी होती. थर्मास रिकामा. कप झऱ्यावर विसळून दगडाच्या कडेला पालथा घातलेला.

दुपारी विनीचा फोन आला. अनिसेतोने सगळा माल घेतला हे सांगितलं, तर खूश झाली. पण लगेच तिचं ठरलेलं, "ते ठीक आहे इना, पण तू पडलीस तर कुणाला कळणार?"

"मोतितला कळेल. रोज पहाटे येतं. चुलीचा धूर बघितल्याशिवाय जात नाही."

"इना, उदमांजराला काय कळतंय!"

"ह्याला कळतं. कप विसळून पालथा घालतं."

मला वाटलं, लाइन गेली. मग विनी हळूच म्हणाली, "इना, ह्या उदमांजराला जीपनी चालवता येते का?"

"येते की," मी म्हटलं. "पण हॉर्न फार वाजवतं."